टाकीवरचा हात

रिव्हेटबाई चिडल्या की आधी चष्मा काढत, रुमालाने पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत, आणि मगच समोरच्याची हजेरी घेत. म्हणजे समोरच्याला सटकायला अर्धं मिनिट मिळे. ज्याला हे ठाऊक होतं तो सटके. समितीच्या सचिवांना ते अजून ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्या दिवशी सकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसले होते.

त्यांच्याआधी बाईंचं एकाला फोनवर झोडपून झालं होतं. त्याने जुन्या इंजिनाचा फोटो पाठवला होता, ‘कुठलं आहे ते सांगा’ म्हणून, आणि ऐन चाकांसमोर आपल्या जावयाला उभं केलं होतं. "मी इंजिनं ओळखते, जावई नाही," बाई म्हणाल्या. "त्याला बाजूला करा, पुन्हा फोटो काढा, आणि मग पाठवा!" आणि फोन ठेवला.

बाईंचं वय एकाहत्तर. इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी बत्तीस वर्षं ट्रेसरचं काम केलं. पारदर्शक कापडावर शाईने नकाशे उतरवायचे, रेघ न रेघ, खिळा न खिळा. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांच्या नकाशात पत्रे जोडणारे दोन रिव्हेट कमी असल्याचं भर ऑफिसात सांगितलं, आणि त्या दिवशी हे नाव चिकटलं. कारखाना बंद पडला, पण नाव काही गेलं नाही. आता जुन्या इंजिनांच्या नादी लागलेली माणसं गावोगावाहून त्यांना फोटो पाठवत. त्यातून टाकीचं इंजिन म्हणजे त्यांचा खास प्रांत. या इंजिनाला मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा नसतो. पाणी दोन्ही कुशींना लावलेल्या लांबट टाक्यांत भरतात, आणि ते दिवसभर यार्डात मालगाडीचे डबे ढकलत फिरतं. ठेंगणं, कामसू, फोटोत कुणी ज्याच्याकडे बघणार नाही असं. बाई बघत. धुरांड्याची किनार, टाकीची पुढची कड, केबिनच्या खिडकीचा कोपरा आणि रिव्हेटांच्या रांगा, एवढ्यावरून ते कुठल्या कारखान्यात जन्मलं हे त्या सांगत. इंजिनावरच्या पितळी पाटीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाटी चार स्क्रूंवर असते, कुणीही काढतं, कुठेही लावतं, असं त्या सगळ्यांना बजावत.

सगळ्यांना बजावत, आणि स्वतः एकदा विसरल्या. ती ही गोष्ट.

सचिवांनी टेबलावर पाकीट ठेवलं. "बाई, चार दिवसांवर आलाय कार्यक्रम. बारा फोटो आहेत, प्रदर्शनात लावायचे. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून द्या. कारखान्याच्या फोटोग्राफरच्या नातीकडे काचेच्या निगेटिव्ह सापडल्या, त्यांवरून नवे छापून घेतलेत. बघा कसे लख्ख आलेत."

कार्यक्रम सात नंबरचा होता. कारखान्याच्या बंद फाटकासमोर चौथरा बांधून त्यावर सात नंबरचं टाकीचं इंजिन चढवलं होतं, रंग दिला होता, आणि पुढ्यात पितळी पाटी ओतून बसवली होती. परदेशी कंपनीचं नाव, बांधल्याचं वर्ष, बोटीने आल्याचा महिना. हे सगळं रिव्हेटबाईंनी समितीला दिलेल्या पत्रातून घेतलेलं. पत्राखाली त्यांची सही होती, म्हणून कुणी पुन्हा तपासलंही नव्हतं.

सचिव चहा पिऊन गेले. बाई भिंग घेऊन बसल्या. आठ फोटो सरळ निघाले. नववा हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

फोटोत टाकीचं एक नवंकोरं इंजिन होतं, रंग न दिलेलं, पाटी न लावलेलं. पुढे अकरा माणसं, कारखान्याच्या कपड्यांत. इंजिनाचं धुरांडं उजवीकडे, म्हणजे समोर दिसत होती ती इंजिनाची उजवी कूस. केबिनपासून चाकांकडे जाणारा, ड्रायव्हर ज्याने इंजिन पुढे-मागे करतो तो दांडा स्पष्ट दिसत होता. म्हणजे ड्रायव्हरची जागा उजव्या बाजूला. आपल्या इथल्या सगळ्या इंजिनांची होती तशी. यात वावगं काहीच नव्हतं. वावगं एवढंच होतं, की हा फोटो बाईंनी पूर्वी पाहिला होता, आणि तेव्हा धुरांडं डावीकडे होतं.

कुठे पाहिला होता, हे आठवायला त्यांना जोर लावावा लागला नाही. ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांना ते आठवायचं नव्हतं.

बाईंचे वडील त्याच कारखान्यात बॉयलर खात्यात होते. कानांनी जवळजवळ ठार बहिरे, कारण जन्मभर लोखंडाच्या पोटात बसून हातोडा हाणला. घरी बोलायचे तेही ओरडून. आणि त्यांचं बोलणं फिरून फिरून एका ठिकाणी यायचं. "सात नंबर आम्ही बांधलं! अकरा जणांनी, अकरा महिन्यांत! जुनं सात नंबर घसरून मोडलं, भंगारात गेलं. वरून हुकूम होता, इथे नवं इंजिन बांधायचं नाही, तुमची लायकी दुरुस्तीची. मग साहेबाने डोळे मिटून घेतले आणि आम्ही बांधलं. वहीत लिहिलं मोठी दुरुस्ती. जुन्याची पाटी काढली, नव्याला ठोकली. झालं!" मग ते जेवताना अकरा जणांची उजळणी करत. मुलगी तेवढ्यात ताट उचलून आत जाई. गल्लीतली माणसं त्यांना ‘सातवाले’ म्हणत. "काय सातवाले, आज किती इंजिनं बांधलीत?" असं विचारून खी खी करत. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होई. वडिलांचा राग येई, गल्लीचा नव्हे. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पुढे मुलगी ड्रॉइंग ऑफिसात लागली. तिथे कपाटात कारखान्याची मोठी वही होती. तिने सात नंबरचं पान काढलं. बोटीने आलं, अमुक साली. मोठी दुरुस्ती, एकदा. बस्स. एकोणतिसाव्या वर्षी माणसाला छापील आणि शाईचं सगळं खरं वाटतं, त्यातून ती शाई आपल्याच ऑफिसातली असेल तर विचारूच नका.

आणि एका रविवारी, अकरांतले दोघे म्हातारे घरी आलेले असताना, वडिलांनी ट्रंकेतून एक लहानसा फोटो काढून तिच्या हातात दिला. "हे घे. तुझं भिंग लाव आणि सांग यांना, माझी पोरगी काय हुशार आहे ते."

तिने भिंग लावलं. धुरांडं डावीकडे, दांडा दिसतोय, म्हणजे ड्रायव्हर डावीकडे. आपल्या इथे एकही इंजिन तसं नव्हतं. तिने शिक्षकाच्या थाटात, दोघा पाहुण्यांच्या देखत, वडिलांना ते समजावून सांगितलं. "हे इंजिन आपल्या कारखान्यातलं नाहीच. दुसरीकडचं काहीतरी दुरुस्तीला आलं असेल, आणि तुम्ही सगळे पुढे उभे राहिलात."

वडील म्हणाले, "अगं, मी उभा आहे ना तिथे! टाकीचा पत्रा तोकडा पडला म्हणून मागच्या टोकाला शेवटचे तीन रिव्हेट दाटीवाटीने मारले, ते बघ की!"

"तुम्ही बॅंडवाल्यांपुढे उभे राहिलात म्हणून लग्न तुमचं होत नाही, बाबा."

दोघे म्हातारे कसेबसे हसले. तिने पर्समधली लाल पेन्सिल काढली, ड्रॉइंग ऑफिसात चुकीच्या नकाशावर शेरा मारायची, आणि फोटोच्या पाठीवर लिहिलं: ‘हे इंजिन आपल्या कारखान्यातलं नाही.’ वडिलांनी ते वाचलं, "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर बावीस वर्षं, मरेपर्यंत, सात नंबरचं नाव काढलं नाही. गल्ली थकली, त्यांना सातवाले म्हणायची थांबली. मुलीला वाटलं, बरं झालं, सुटलो.

आता एकाहत्तरीची ती मुलगी नववा फोटो घेऊन खिडकीपाशी गेली. अकरा जणांत वडील तिसरे. चौतिशीचे, ताठ, मिशीत हसणारे. एक हात टाकीवर टेकलेला. भिंग त्या हातावर आलं आणि तिथेच थांबलं. डावा हात. त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं. एकोणिसाव्या वर्षी पत्रा कापायच्या यंत्रात ती दोन्ही बोटं गेली होती. त्याच तीन बोटांच्या हाताने त्यांनी लहानपणी तिची वेणी घातली होती, आई आजारी असताना, सबंध वर्षभर.

आणि बाईंना लख्ख आठवलं, की त्या जुन्या फोटोत टाकीवरचा तीन बोटांचा हात उजवा होता. दिसला होता. नजरेखालून गेला होता. त्यांनी रिव्हेट मोजले आणि बापाचा हात पाहिला नाही.

जुना फोटो उलटा छापलेला होता. छापताना निगेटिव्हची काच पालथी ठेवली गेली आणि सगळी डावी-उजवी फिरली, एवढीच गोष्ट. इंजिनाला पाटी लागली नव्हती, म्हणून फोटोत एकही अक्षर नव्हतं, नाहीतर ते उलटं दिसून चूक तेव्हाच पकडली असती. अकरा जणांना अकरा प्रती वाटल्या आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही, कारण माणूस स्वतःला आरशातच पाहतो, त्याला उलटाच सुलटा वाटतो. त्यांना एक वेळ माफ. पण ही ट्रेसर होती! पारदर्शक कापड उलटं पडलं तर चार टेबलांवरून ओरडणारी!

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. हजेरी घ्यायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी त्या धाकट्या भावाकडे गेल्या. भाऊ बसचा ड्रायव्हर होता, आता घरीच असे. वडिलांची ट्रंक त्याच्याकडे होती. बहीणभावांत उघड भांडण नव्हतं, पण या एका विषयावर दोघांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"बाबांचा तो फोटो दे," बाई दारातूनच म्हणाल्या.

"कुठला?"

"उगाच वेड पांघरू नकोस. कुठला ते तुला माहीत आहे."

भावाने ट्रंक ओढली. कपडे, कागद, हातोड्याचा दांडा असं एकेक काढत तो तळाशी गेला. फोटो पालथा होता. लाल अक्षरं वर.

"असाच ठेवायचे," भाऊ म्हणाला. "मी एकदा सुलटा करून ठेवला, तर माझ्यावर ओरडले. म्हणाले, शिकलेल्या माणसाने लिहिलंय, राहू दे."

बाईंनी दोन्ही फोटो मांडले. आता सगळंच ओरडून सांगत होतं. जुन्या फोटोत अकराच्या अकरा माणसांच्या शर्टांचे खिसे उजव्या छातीवर. सगळ्यांचा शिंपी काय एकजात वेडा होता? टाकीच्या मागच्या टोकाला तीन रिव्हेट दाटीवाटीने. आणि नव्या, लख्ख फोटोत इंजिनाच्या मागे जमिनीवर एक चेपलेली जुनी टाकी पडलेली, तिच्यावर अंड्याच्या आकाराचा फिकट डाग आणि चार भोकं. पाटी काढल्याची जागा. मोडलेलं सात नंबर मागे, बांधलेलं सात नंबर पुढे, एकाच फोटोत.

"ते खरं बोलत होते," बाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं."

"तुला कसं माहीत होतं? तुझ्याकडे काय पुरावा होता?"

"पुरावा कसला, ताई? बाबा सांगत होते ना!" भावाचा आवाज चढला. "बेचाळीस वर्षं लागली तुला? गावभरची इंजिनं ओळखत होतीस! त्या दिवसानंतर जेवताना एक अक्षर बोलले नाहीत ते. तू वेगळं घर केलंस, तुला काय! मी बसायचो त्यांच्यासमोर रोज!"

"हो, लागली," बाई म्हणाल्या. हे भावाला इतकं नवीन होतं की तो जरा दचकला.

"अकरा जण कोण कोण होते?" त्यांनी खाली बघत विचारलं. "मला चौघेच आठवतात. मी ताट घेऊन आत जायचे."

भावाने अकराही एका दमात म्हटले, बाबा घेत त्याच टोपणनावांनी. लंबू, घड्याळ, मोठा मेव्हणा, धाकटा मेव्हणा, गाणारा, चाव्यावाला, मुका, दोघे जुळे, फुंकणी आणि बाबा. बाईंनी लिहून घेतले. पेन्सिल दोनदा मोडली.

समितीचं ऑफिस फाटकाजवळच्या जुन्या टाइमकीपरच्या खोलीत होतं. बाई तिथे जाण्याआधी चौथऱ्यावर चढल्या, जिना नसताना, शिडीने, आणि टाकीच्या मागच्या टोकावर बोट फिरवलं. नव्या रंगाखाली तीन रिव्हेट दाटीवाटीने होते. समितीसाठी इंजिन तपासलं तेव्हाही त्यांनी ते पाहिले होते, आणि पत्रात ‘नंतरची डागडुजी’ असं लिहून मोकळ्या झाल्या होत्या. वडिलांनी तोंडाने सांगितलेलं तेव्हा एकदाही आठवलं नाही.

सचिवांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बाई, पाटी ओतून झालीय. पाहुणे ठरलेत. परदेशी कंपनीचं जुनं इंजिन म्हणून तर लोक येणारेत बघायला! आपल्या कारखान्यात भंगारातून जोडलेलं म्हटलं तर कोण येणार? आणि कुणाला कळणार आहे?"

इथे चष्मा निघाला. सचिवांना अजूनही अर्ध्या मिनिटाचं माहीत नव्हतं.

"कुणाला कळणार आहे?" बाई म्हणाल्या, आणि बाहेरचा रंगारी हात थांबवून आत बघायला लागला. "पूर्वी वरच्यांनी लिहिलं, यांची लायकी दुरुस्तीची. आज तुम्ही तेच पितळेत ओतून फाटकावर ठोकताय! ज्यांनी बोटं दिली, कान दिले, त्यांच्याच दारात! भंगारातून जोडलं म्हणता? बॉयलर नवा, सांगाडा नवा, टाक्या नव्या. जुनी होती ती फक्त पाटी!"

"अहो, पण हे तुम्हीच लिहून दिलं होतं. सही आहे तुमची."

"आहे ना. म्हणून तर मी आलेय. ते पत्र मी मागे घेते, हे घ्या लेखी. आता त्या पाटीखाली दुसऱ्या कुणाची सही घ्यायची ती घ्या. पण कार्यक्रमाला मी शिडी घेऊन येईन आणि प्रत्येक पाहुण्याला ते तीन रिव्हेट दाखवीन. शेवटच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. बापाचा आहे."

सचिवांनी बाईंकडे, मग दोन्ही फोटोंकडे, मग पुन्हा बाईंकडे पाहिलं. फोटोतल्या त्या चेपलेल्या टाकीवर बोट ठेवलं. शेवटी म्हणाले, "पाटी काढतो. चार दिवसांत दुसरी ओतून होणार नाही. तोवर पत्र्यावर रंगवून लावू. काय लिहायचं?"

बाईंनी कागद पुढे केला. त्यावर अकरा जण होते. "आणि एक काचेची चौकट हवी," त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी दिसेल अशी."

ड्रॉइंग ऑफिसात एक नियम होता. चूक कधी खरवडून काढायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत अशी, आणि शेजारी सही-तारीख टाकायची, म्हणजे कोण चुकलं ते कळतं. बाईंनी बत्तीस वर्षं हा नियम दुसऱ्यांकडून करवून घेतला होता. त्या संध्याकाळी त्यांनी वडिलांचा फोटो पालथा ठेवला, पट्टी घेतली, आपल्या लाल अक्षरांवर एक रेघ मारली. खाली लिहिलं: ‘याच कारखान्यात बांधलं. चूक माझी.’ सही केली. तारीख टाकली. रेघ सरळ आली.

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊ आला, आणि जुळ्यांपैकी एकाचा नातू आपलं अख्खं घर घेऊन आला. भाषणं लांबली. मग माणसं इंजिनाभोवती पांगली, आणि त्या चौकटीपाशी एक गृहस्थ थांबले. हेच ते जावयाचा फोटो पाठवणारे. त्यांनी पुढची बाजू पाहिली, मागची लाल अक्षरं वाचली, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंना न ओळखता म्हणाले, "काय एकेक अडाणी माणसं असतात हो! बिचाऱ्याच्या फोटोवर हे असं लाल पेन्सिलीने कुणी लिहिलं असेल?"

भावाने घाबरून ताईकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अडाणी नव्हती," त्या म्हणाल्या. "शिकलेली होती. त्यांची मुलगी."